थेंबाचे माप : डिझेलच्या फवाऱ्याची गोष्ट

तालुक्याच्या गावी एस.टी. स्थानकापासून थोडे पुढे गेले की टायर, बॅटरी, वेल्डिंग अशा दुकानांच्या रांगेत 'डिझेल पंप व नोझल दुरुस्ती' अशी एखादी पाटी दिसते. आत टेबलावर एक हातपंप असतो, त्यावर दाबमापक बसवलेला असतो. मेकॅनिक ट्रॅक्टरचे किंवा जीपचे नोझल त्या पंपाला जोडतो आणि दांडा दाबतो. चर्र असा आवाज होतो आणि नोझलच्या टोकातून धुक्यासारखा फवारा उडतो. फवारा सारखा आणि बारीक असेल तर नोझल चांगले. धार लागत असेल किंवा टोकाला थेंब लोंबत असेल तर ते खराब. (विद्यार्थ्यांना असे दुकान दाखवायला न्यावे, पण फवाऱ्यापुढे कोणी बोट धरणार नाही याची काळजी घ्यावी. एवढ्या दाबाने निघालेले डिझेल कातडी भेदून आत शिरते आणि जखम लहान दिसली तरी गंभीर असते.)

अशा दुकानात एखादा तरुण ड्रायव्हर विचारतो, "मोठ्या भोकाचं नोझल टाकलं तर गाडी जास्त ओढेल का हो?" प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरात शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास दडलेला आहे. अमेरिकेतल्या पिकअप गाड्यांचे मालकही हाच प्रश्न विचारत आले आहेत. पिकअप म्हणजे पुढे मोटारीसारखी केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी. तिकडचे शेतकरी आणि बांधकामवाले अशा गाडीला जनावरांचा, यंत्रांचा किंवा बोटीचा जड ट्रेलर जोडून ओढतात. डिझेल पिकअपला अधिक मोठे इंजेक्टर बसवून देणे हा तिथे एक स्वतंत्र धंदाच झाला आहे. हे इंजेक्टर कसे निवडावे, याचे उत्तर मात्र दर पिढीच्या गाडीला वेगळे पडते. असे का, ते समजण्यासाठी आपण मुळापासून सुरुवात करू.

रुडॉल्फ डिझेल यांची अडचण

रुडॉल्फ डिझेल (१८५८-१९१३) हे जर्मन अभियंते. त्यांच्या काळातली बरीचशी वाफेची यंत्रे कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा भाग कामी लावत. डिझेल यांची कल्पना अशी होती की सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची, की ती तापून इंधन आपोआप पेटावे. ठिणगीची गरजच पडू नये. सायकलच्या चाकात जोराने हवा भरताना पंपाचे तोंड तापते, हा अनुभव आपल्या सर्वांना आहे. त्यातली काही उष्णता घर्षणाची असते, पण पुष्कळशी हवा दाबल्यामुळे निर्माण झालेली असते.

१८९२ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९३ मध्ये आउग्सबुर्ग येथील यंत्रशाळेत चाचण्या सुरू झाल्या. हवा दाबणे जमण्यासारखे होते. खरी अडचण होती ती इंधन आत घालण्याची. दट्ट्या वर पोचतो तेव्हा सिलिंडरमधला दाब वातावरणाच्या तीसेक पट झालेला असतो. त्या दाबाविरुद्ध, नेमक्या क्षणी, नेमके तेवढेच तेल आत ढकलायचे आणि तेही धुक्यासारखे करून.

धुके कशासाठी? चुलीचेच उदाहरण घेऊ. बाभळीचा ओंडका काडीने पेटत नाही, पण त्याच्याच ढलप्या चटकन पेटतात. लाकूड तेच, वजन तेच. हवेला लागलेला पृष्ठभाग मात्र वाढलेला असतो. एक मिलिमीटर व्यासाचा तेलाचा थेंब फोडून त्याचे ०.०१ मिलिमीटर व्यासाचे थेंब केले, तर त्यांची संख्या होते दहा लाख आणि एकूण पृष्ठभाग होतो शंभरपट. (हे गणित नववी-दहावीच्या वर्गात करून घेण्यासारखे आहे. घनफळ व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते, पृष्ठभाग वर्गाप्रमाणे.) तेल जळते ते पृष्ठभागावरून वाफ होऊन. म्हणून जितका बारीक फवारा, तितके ज्वलन जलद.

डिझेल यांना तेल पंपाने सरळ आत ढकलायचे होते. पण इतक्या दाबाला न गळणारा आणि इतके सूक्ष्म माप देणारा पंप त्या काळी बनवता येईना. शेवटी त्यांनी संपीडित हवेचा आधार घेतला. वातावरणाच्या साठ-सत्तर पट दाबाची हवा वेगळ्या टाकीतून सोडायची आणि तिच्या झोताबरोबर तेल आत उडवायचे. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी या इंजिनाची रीतसर चाचणी घेतली. २५ सेंटिमीटर व्यासाचा एकच सिलिंडर, मिनिटाला १५४ फेरे आणि सुमारे १८ अश्वशक्ती. कार्यक्षमता भरली २६ टक्क्यांहून थोडी जास्त. त्या काळात हा आकडा थक्क करणारा होता.

पण या यशाची एक किंमत होती. हवा दाबणारा कंप्रेसर अवजड होता आणि इंजिनाच्या शक्तीतला वाटा स्वतःच खात होता. त्यामुळे डिझेल इंजिन कारखान्यात, वीजघरात आणि जहाजावर गेले. १९१२ साली 'सेलांडिया' हे डॅनिश जहाज डिझेल इंजिनांवर महासागरात फिरू लागले. रस्त्यावरच्या वाहनात मात्र ते बसेना. इंजिनाने कुठे जायचे, हे फवारा उडवण्याच्या पद्धतीनेच ठरवून टाकले होते. पंपाने सरळ तेल घालणारी छोटी इंजिने रस्त्यावर सर्रास धावताना पाहणे रुडॉल्फ डिझेल यांच्या नशिबी नव्हते. १९१३ च्या सप्टेंबरात अँटवर्पहून इंग्लंडला जाताना ते रात्री बोटीवरून नाहीसे झाले.

कंप्रेसरला रजा

कंप्रेसर काढून टाकण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. बेन्झ कंपनीतील प्रॉस्पर लोरांज यांनी १९०९ मध्ये पूर्वज्वलन कक्षाचे पेटंट घेतले. सिलिंडरला लागून एक छोटी कोठडी ठेवायची आणि तेल तिच्यात सोडायचे. थोडे तेल तिथे जळते आणि त्या भडक्याने उरलेले तेल मुख्य सिलिंडरमध्ये फेकले जाते. यात फवारा फार बारीक नसला तरी भागते. इंग्लंडमध्ये व्हिकर्स कंपनीच्या जेम्स मॅकेक्नी यांनी १९१० च्या सुमारास भारी दाबाने सरळ तेल सोडण्याची पद्धत पुढे आणली. १९२३-२४ मध्ये जर्मनीत पहिल्या डिझेल मालमोटारी तयार झाल्या.

तरीही प्रत्येक कारखानदार आपापला पंप घडवत होता आणि तो सारखा बिघडत होता. श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांनी १९२२ च्या अखेरीस डिझेलचा पंप बनवण्याचे काम हाती घेण्याचे ठरवले आणि १९२७ मध्ये त्याचे नियमित उत्पादन सुरू झाले. या पंपात एक पोलादी दट्ट्या पोलादी नळीत वरखाली होतो. दोहोंमध्ये रबर नाही, चामडे नाही. फक्त दोन-चार मायक्रॉनची फट. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाची कल्पना येईल. दट्ट्या आणि नळी एकमेकांना घासून जोडीनेच तयार करतात. एका जोडीतला दट्ट्या दुसरीत चालत नाही. नोझलची सुई आणि तिचे घर यांचेही तसेच. दुकानात मेकॅनिक सुट्या केलेल्या जोड्या एकमेकांत मिसळू देत नाही, ते याचमुळे.

या रचनेतली एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दर खेपेला किती तेल जायचे हे पंपाचा दट्ट्या ठरवतो. नोझलमधली सुई स्प्रिंगने दाबून धरलेली असते; तेलाचा दाब पुरेसा वाढला की ती उचलली जाते आणि फवारा उडतो. माप पंपाचे, फवारा नोझलचा, अशी ही वाटणी आहे.

आपल्याकडे हे तंत्र १९५१ साली आले. बॉशच्या सहकार्याने बंगळूर येथे 'मायको' कंपनी स्थापन झाली आणि पुढे नाशिकलाही तिचा नोझल व इंजेक्टर बनवणारा कारखाना उभा राहिला. २००८ साली कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले.

कमिन्सचे इंजिन पिकअपमध्ये

अमेरिकेत डिझेलचा ध्यास घेतला तो इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या क्लेसी कमिन्स यांनी. १९१९ मध्ये त्यांनी कंपनी काढली. डिझेल इंजिन मोटारीत चालते हे लोकांना पटवण्यासाठी त्यांनी एका पॅकार्ड मोटारीत आपले इंजिन बसवले आणि १९३० च्या जानेवारीत ती इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कपर्यंत चालवत नेली. सुमारे आठशे मैलांच्या या प्रवासाला तेल लागले १ डॉलर ३८ सेंटचे. १९३१ मध्ये त्यांची मोटार इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत इंधनासाठी एकदाही न थांबता पुरी करून गेली. याच कमिन्सच्या सहकार्याने १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर-कमिन्स कंपनी सुरू झाली.

१९८९ साली अमेरिकेतल्या डॉज पिकअपमध्ये कमिन्सचे सहा सिलिंडरचे, ५.९ लिटरचे इंजिन मिळू लागले. शक्ती १६० अश्वशक्ती. हे इंजिन मुळात मालमोटारी आणि शेतीची, बांधकामाची यंत्रे यांच्यासाठी घडवलेले होते. पिकअपमध्ये त्याची बरीच ताकद राखून ठेवली आहे, हे मालकांच्या लवकरच ध्यानात आले. १९९४ पासून या गाड्यांना बॉशचा भक्कम, सहा दट्ट्यांचा पंप आला. हा पंप पाना फिरवून वाढवता येत असे. त्याच इंजिनाची एक अधिक शक्तीची आवृत्ती बोटींसाठी बने. तिचे इंजेक्टर आणून पिकअपमध्ये बसवण्याची प्रथा पडली.

एका खेपेचे गणित

एका वेळी किती तेल जाते, ते आपण ठोकळमानाने काढू. १६० अश्वशक्ती म्हणजे सुमारे १२० किलोवॅट. कार्यक्षमता ३५ टक्के धरली तर तेलातून दर सेकंदाला सुमारे ३४० किलोज्यूल उष्णता मिळाली पाहिजे. एक ग्रॅम डिझेल सुमारे ४३ किलोज्यूल देते. म्हणजे सेकंदाला आठ ग्रॅम तेल. मिनिटाला २५०० फेरे असतील आणि प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटत असेल, तर सहा सिलिंडर मिळून सेकंदाला १२५ वेळा पेटतात. आठ ग्रॅमला १२५ ने भागले की एका खेपेचे तेल येते ६४ मिलिग्रॅम. ड्रॉपरमधून पडणाऱ्या थेंबाचे आकारमान सुमारे ५० घन मिलिमीटर असते. म्हणजे आपले एका खेपेचे तेल त्याच्या दीडपट! आणि वेळ? दांड्याचा २५ अंशांचा फेरा धरला तर सेकंदाचा सुमारे सहाशेवा भाग.

आता हवेचा हिशेब. एक ग्रॅम डिझेल पुरते जळायला सुमारे साडेचौदा ग्रॅम हवा लागते. ६४ मिलिग्रॅमला लागेल ०.९३ ग्रॅम. सिलिंडर जवळजवळ एक लिटरचा. साध्या श्वासाने त्यात फार तर ग्रॅमभर हवा मावेल. टर्बोचार्जर ती दाबून भरतो, म्हणून आपण दोन ग्रॅम धरू. म्हणजे तेलाच्या एकतीसपट हवा. ही चैन नाही. सहाशेव्या भाग सेकंदात प्रत्येक थेंबाला हवा गाठून देणे शक्य नसते, म्हणून ती जास्तच लागते. हे प्रमाण विसाच्या खाली येऊ लागले की काळा धूर दिसू लागतो.

तेल दीडपट केले तर प्रमाण येते २१. जेमतेम चालेल. दुप्पट केले तर येते १६. कागदावर हवा पुरेशी आहे, पण प्रत्यक्षात धुराचा लोट निघेल. त्यातला काजळीचा कण न् कण म्हणजे पैसे मोजून विकत घेतलेले आणि न जळलेले डिझेल. शिवाय सिलिंडरमधले तापमान वाढते आणि अॅल्युमिनियमचे दट्टे धोक्यात येतात. म्हणून जाणते मालक आधी धूरनळीत तापमापक बसवत, मग टर्बोचार्जरचा विचार करत आणि नोझल शेवटी.

मोठे भोक म्हणजे काय?

भोकाचा व्यास ०.२५ मिलिमीटरचा ०.३० केला, तर फरक केसाहूनही कमी. पण क्षेत्रफळ वाढते ४४ टक्क्यांनी. मग तेल ४४ टक्के जास्त जाईल का? सहा दट्ट्यांच्या पंपाच्या गाडीत, नाही. तिथे माप पंपाच्या हाती. नोझल मोठे केल्याने जवळपास तेवढेच तेल कमी वेळात आत जाते. पंपही वाढवायचा असेल तेव्हा याचा उपयोग, कारण जादा तेल उशिरापर्यंत ठिबकत राहत नाही. पण पंप तसाच ठेवून नोझल फारच मोठे घेतले, तर दाब घसरतो, थेंब जाड होतात आणि ओढ वाढण्याऐवजी धूर वाढतो.

दुसरी गोष्ट फवाऱ्याच्या कोनाची. दट्ट्याच्या माथ्यावर एक वाटी कोरलेली असते आणि फवारे तिच्यातच पडावेत अशी योजना असते. कोन चुकला तर तेल सिलिंडरच्या भिंतीवर जाते, तिथला वंगणाचा थर धुऊन काढते आणि खाली ऑइलमध्ये उतरते. दुसऱ्या इंजिनाचे नोझल आट्यांत बसले म्हणून ते चालेलच असे नाही.

सामायिक नळी

जुन्या पंपात एक दोष होता. इंजिन हळू फिरत असेल तेव्हा दाबही कमी. दाब तयार करणे आणि फवारा सोडणे ही कामे वेगळी करावीत, असा विचार बराच काळ चालला होता. सर्व इंजेक्टरांना जोडणारी एक जाड नळी सतत भारी दाबाखाली ठेवायची आणि प्रत्येक इंजेक्टर विजेने उघडायचा, अशी ही 'कॉमन रेल' पद्धत. जपानच्या डेन्सो कंपनीने १९९५ मध्ये ती मालमोटारींसाठी आणली. इटलीत फियाट समूहात तिच्यावर काम झाले, बॉशने ती उत्पादनात उतरवली आणि १९९७ मध्ये ती अल्फा रोमिओ मोटारीत आली. अमेरिकन पिकअपमध्ये ती २००१ मध्ये जनरल मोटर्सच्या आणि २००३ मध्ये डॉजच्या गाड्यांत दिसली. दाब वातावरणाच्या दीड हजार पटींच्या घरात. एका खेपेत दोन-तीन फवारेही सोडता येतात. पहिला अगदी चिमुकला. त्यामुळे डिझेलची ती ओळखीची खडखड कमी होते.

इथे आपली जुनी वाटणी मोडली. आता तेलाचे माप दाब, भोक आणि उघडे राहण्याचा वेळ यांवर ठरते आणि हा वेळ संगणक ठरवतो. भोक किती आहे हे त्याला कारखान्यात सांगून ठेवलेले असते. आपण भोक मोठे केले आणि त्याला सांगितले नाही, तर दर खेपेला हिशेबापेक्षा जास्त तेल जाते. चिमुकला पहिला फवाराही फुगतो. मुख्य पंप तेवढे तेल पुरवू शकला नाही तर नळीतला दाब पडतो. म्हणून १९९५ च्या गाडीला चाललेला सल्ला २००५ च्या गाडीला चालत नाही.

धुराचा हिशेब

एवढा वेळ आपण मालकाच्या बाजूने विचार केला. पण धूर मालकाच्या मागे राहतो, तो दुसऱ्याच्या छातीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणारा म्हणून नोंदला. दरम्यान अमेरिकेत २००७ आणि २०१० च्या मानकांनंतर गाड्यांना काजळी अडवणारे गाळणे आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करणारी यंत्रणा आली. मोठ्या इंजेक्टरच्या धुराने गाळणे तुंबते, म्हणून अनेकांनी गाळणेच काढून टाकले. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, आधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपांची ही यंत्रणा निकामी केली गेली होती. त्यामुळे या गाड्यांच्या आयुष्यात हवेत जाणारी नायट्रोजनची जादा ऑक्साइडे ५ लाख ७० हजार टनांवर भरतील, असा तिचा हिशेब होता.

दोष केवळ मालकांकडेच गेला असे नाही. पिकअपच्या इंजिनांतली नियंत्रण-प्रणाली नियम चुकवते, या आरोपावरून झालेल्या तडजोडीत २०२३ च्या डिसेंबरात खुद्द कमिन्स कंपनीने १६७.५ कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. चूक केल्याचे मात्र तिने कबूल केले नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत-६ मानके लागू झाली आणि नव्या डिझेल गाड्यांना अशीच यंत्रणा आली. म्हणजे तिकडचा प्रश्न आता आपल्याही दारात आहे.

तेव्हा त्या तरुण ड्रायव्हरला काय सांगावे? आम्ही असे सांगू : गाडी कोणत्या सालची, तिच्यात तेलाचे माप कोण करतो, हे आधी पाहा. मग हवा किती आहे ते पाहा. मग फवाऱ्याचा कोन. भोक त्यानंतर. आणि नोझलच्या दुकानातले बहुतेक काम ताकद वाढवण्याचे नसतेच. झिजलेल्या नोझलला त्याचे मूळचे माप परत देण्याचे असते. ट्रॅक्टर काळा धूर सोडू लागला, तर बहुतेक वेळा त्याला जास्त तेल नको असते. आधी एअर फिल्टर साफ करावा आणि मग नोझल तपासून घ्यावे.

वर्गात हा विषय घेताना वरचे ६४ मिलिग्रॅमचे गणित मुलांकडून करून घ्यावे. आपल्या गावातल्या ट्रॅक्टरची अश्वशक्ती, फेरे आणि सिलिंडर यांचे आकडे त्याच्या माहितीपुस्तिकेत मिळतील. ते घालून मुलांना स्वतःच्या ट्रॅक्टरचा थेंब काढू द्या.